पुरुषासोबत राहणाऱ्या बाईला जहाल स्त्रीवादाच्या दाराबाहेर ठेवू नका : अभ्यासगटाच्या संयोजक मैत्रिणींना खुले पत्र

मैत्रिणींनो,

सस्नेह नमस्कार.

मागच्या बैठकीत तुम्ही वाचून दाखवलेला ठराव मला मान्य नाही. त्यावर बोलायला कुणालाच वेळ दिला गेला नाही, म्हणून हे पत्र. आणि असा विचार करणारा आपला गट एकटाच नाही, म्हणून ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. गटाचं नाव किंवा कुणा मैत्रिणीचं नाव यात येणार नाही. आपल्यातल्या काही जणी बैठकीला येतात हे त्यांच्या घरी ठाऊक नाही, त्यांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी ठराव सांगते. लग्न झालेल्या किंवा पुरुष जोडीदारासोबत राहणाऱ्या बायकांनी यापुढे फक्त परिचय-वर्गाला बसायचं. मुख्य अभ्यासगटात, विषय ठरवण्याच्या बैठकीत आणि संयोजनात त्यांना जागा नाही. कारण दिलं गेलं ते असं, की पुरुषसत्तेवर टीका करायची आणि रात्री तिच्याच घरी झोपायला जायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही. आधी आयुष्यात भूमिका घ्या, मग विचारात या.

मी भिन्नलिंगी आहे. नवऱ्यासोबत राहते, आम्हाला मुलं आहेत. जहाल स्त्रीवादाकडे मी कुतूहलापोटी आले नाही. त्याआधी बरीच वर्षं मी समान संधीच्या स्त्रीवादावर समाधान मानून होते. शिक्षण, नोकरी, समान वेतन, कायद्याचं संरक्षण, यातलं बरंचसं मला मिळालंही होतं. तरीही घरात काहीतरी होतं ते जागचं हललं नव्हतं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून मी संध्याकाळचा सूर ठरवत होते. मुलांचं, म्हाताऱ्या माणसांचं, येत्या आठवड्याचं सगळं माझ्या डोक्यात आणि त्याच्या डोक्यात फक्त त्याचं काम. अंथरुणात माझ्या नकाराला कारण द्यावं लागे, त्याच्या इच्छेला कधीच लागलं नाही. मी नाही म्हटलं की तो हात उगारत नसे, आवाजही चढवत नसे. दोन दिवस गप्प बसे. त्या गप्पपणाच्या धाकानं मी कितीदा हो म्हटलं असेल, ते माझं मला माहीत.

तो वाईट माणूस नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. वाईट माणसाबद्दल तक्रार करता येते. चांगल्या माणसासोबत राहूनही मी दबलेली का, याचं उत्तर मला कुणी देत नव्हतं. जोडीदाराशी संवाद साधा, वेळेचं नियोजन करा, स्वतःसाठी थोडा वेळ काढा, एवढंच सगळीकडून ऐकू यायचं. जहाल स्त्रीवादानं पहिल्यांदा सांगितलं की हा दोन स्वभावांचा झगडा नाही. स्त्रिया आणि पुरुष हे दोन वर्ग आहेत, एकाचं श्रम, शरीर, प्रजनन आणि लक्ष दुसऱ्याच्या दिमतीला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि घर हे तिचं मुख्य ठाणं आहे. हे वाचलं तेव्हा मला राग आला नाही, हायसं वाटलं. ज्याला मी माझी चिडचिड समजत होते त्याला नाव होतं, इतिहास होता आणि ते भोगणाऱ्या माझ्यासारख्या असंख्य जणी होत्या.

आता तुम्ही मला सांगता की ज्या घराबद्दल हा विचार आहे त्या घरात मी अजून राहते, म्हणून मला त्यावर पूर्ण बोलता येणार नाही.

तुमचा ठराव नवा नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली ‘द फेमिनिस्ट्स’ नावाच्या गटानं असाच नियम केला होता. विवाहित किंवा पुरुषासोबत राहणाऱ्या बायकांचं प्रमाण गटाच्या एक-तृतीयांशाहून जास्त असू नये, असा तो नियम. लग्न ही गुलामीची संस्था आहे, तेव्हा त्या संस्थेत राहणाऱ्यांचं वजन गटात जास्त असता कामा नये, हा त्यामागचा विचार. मला त्या बायकांबद्दल आदर आहे. लग्नाच्या संस्थेची इतकी थेट, न डगमगता केलेली चिकित्सा तेव्हा फार थोड्यांनी केली होती. पण तो गट थोड्याच वर्षांत संपला, आणि असे नियम पाळता पाळता गटाची शक्ती सभासदांकडेच बघण्यात कशी खर्ची पडते, हे आपण त्यातून शिकायला हवं होतं. तुम्ही तर त्यांच्याही पुढे गेलात. त्यांनी मर्यादा घातली होती, तुम्ही दारच लावून घेतलंत.

त्याच वर्षी, त्याच शहरात ‘रेडस्टॉकिंग्ज’ हा गट उभा राहिला. त्याही जहालच होत्या. शुलामिथ फायरस्टोन आणि एलेन विलिस यांनी तो सुरू केला. जुलै १९६९ मधल्या त्यांच्या जाहीरनाम्यात एक मुद्दा ठासून मांडला आहे: बायका दबून राहतात त्या बुद्धी भ्रष्ट झाल्यामुळे किंवा मूर्खपणामुळे नाही, तर पुरुषांकडून रोजच्या रोज येणाऱ्या दबावामुळे. बदलायचं आहे ते पुरुषांना. बाई नमतं घेते, गोड बोलते, लग्न करते, टिकवते, यातल्या प्रत्येक गोष्टीमागे तिचा जगण्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब बहुतेकदा बरोबर असतो. त्यांना बाईचा दोष काढायचा नव्हता, तिच्यापुढे पर्याय किती आहेत ते मोजायचं होतं.

‘जे खासगी ते राजकीय’ हे वाक्य आपण प्रत्येक बैठकीत उच्चारतो. ज्या टिपणाचं हे शीर्षक, ते अमेरिकन कार्यकर्ती कॅरल हॅनिशनं १९६९ च्या सुरुवातीला लिहिलं आणि पुढच्या वर्षी ते या शीर्षकाखाली छापलं गेलं. शीर्षक तिनं दिलेलं नव्हतं, संपादिकांनी दिलं. पण टिपणाचा गाभा काय आहे? जाणीवजागृतीच्या गटांत बायका आपापल्या आयुष्याबद्दल बोलतात ही मानसोपचाराची बैठक आहे, राजकारण नाही, असा आरोप चळवळीतलेच लोक करत होते. हॅनिशचं उत्तर असं होतं की या बोलण्यातून कळतं, ज्याला आपण स्वतःचा प्रश्न समजत होतो तो सगळ्यांचाच आहे, आणि त्याला व्यक्तिगत उत्तर नाही. उत्तर सामूहिकच असू शकतं.

आता तुमचा ठराव या उत्तरासमोर ठेवून पाहा. नवऱ्याला सोडणं हे एकेकटीनं शोधलेलं उत्तर आहे. कधी ते आवश्यक असतं, कधी जीव वाचवणारं असतं, कधी बाईला ते परवडतच नाही. पण तुम्ही त्या व्यक्तिगत उत्तरालाच सामूहिक कामाची प्रवेश-अट केलंत. म्हणजे ज्या विचाराचं नाव गटाला दिलं, त्या विचाराच्या पहिल्याच पायरीवर तुम्ही त्याला उलटं केलंत. माझी मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या तक्रारी याच्यातूनच निघतात.

दुसरी तक्रार जिवाशी संबंधित आहे, म्हणून ती मऊ शब्दांत मांडणार नाही. गटात एखादी घरातला त्रास सांगायला लागली की पहिला प्रश्न येतो, ‘मग सोडत का नाहीस?’ हा प्रश्न आपण बाहेरच्या जगाकडून आयुष्यभर ऐकत आलो. तो आपल्या गटात यायला नको होता. हिंसक पुरुषाला सोडून जाण्याचा काळ हा बाईसाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे मारहाण झालेल्या बायकांसोबत काम करणारी कुठलीही कार्यकर्ती सांगेल. त्या वेळी पैसा, राहायला जागा, मुलांचा ताबा, कागदपत्रं, विश्वासाचं माणूस, सगळं आधी जुळवावं लागतं. हे काहीच हाताशी न देता ‘भूमिका घे’ म्हणणं म्हणजे दुसरीच्या जिवावर आपली तत्त्वं तपासून बघणं आहे. आणि जिच्या घरी मारहाण नाही, पण उत्पन्न नाही, किंवा जी स्वतः आजारी आहे, किंवा जिच्यावर अपंग मूल अवलंबून आहे, तिचं काय? आपल्याच गटातल्या एका मैत्रिणीनं त्या प्रश्नानंतर येणं बंद केलं. ती कशी आहे हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

याच विषयात आणखी एक गोष्ट. सगळ्या बायकांचं पुरुषांशी असलेलं नातं एकाच पद्धतीचं नसतं. बॉस्टनच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी, ज्यांत समलिंगी स्त्रिया पुष्कळ होत्या, १९७७ च्या निवेदनात पुरुषांपासून संपूर्ण फारकत घेण्याचं राजकारण स्पष्टपणे नाकारलं. वंशद्वेषाविरुद्ध त्यांना आपल्या पुरुषांसोबत उभं राहावं लागत होतं आणि त्याच पुरुषांशी पुरुषीपणावरून भांडावंही लागत होतं. हे दोन्ही एकदम करण्याचा जो ताण आहे तो त्यांनी लपवला नाही. जिचा बाप, भाऊ, मुलगा दुसऱ्या कुणाच्या टाचेखाली आहे तिला ‘पुरुष सोड’ हे वाक्य अपुरं वाटतं, यात तिची भित्री तडजोड नाही.

तिसरी तक्रार वाचनाच्या क्रमाबद्दल. परिचय-वर्गात नव्या बायकांच्या हातात पहिला मजकूर दिला जातो तो इंग्लंडमधल्या लीड्सच्या क्रांतिकारी स्त्रीवादी गटाचा १९७९ चा निबंध. सर्व स्त्रीवाद्यांनी राजकीय अर्थानं समलिंगी व्हावं, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध थांबवावेत, असं त्याचं म्हणणं. भिन्नलिंगी बायका शत्रूला सामील आहेत, असंही त्यात म्हटलं आहे. तो मजकूर वाचू नये असं मी म्हणत नाही. मी तो वाचला, त्यातल्या काही प्रश्नांनी मला अजून सोडलेलं नाही. पण १९८१ मध्ये तो पुस्तिकेत छापला गेला तेव्हा त्याच्यासोबत इतर बायकांची उत्तरंही छापली गेली होती. रागावलेली, दुखावलेली, सहमत, असहमत अशी. तो वाद होता. आपण वादातली एकच बाजू काढून घेतली आणि ती नियमावलीसारखी वाचायला लावली. घरी नवरा आणि मुलं असलेली एखादी नवखी बाई पहिल्याच दिवशी ‘तू शत्रूला सामील आहेस’ हे वाचते, तेव्हा ती विचार करायला लागत नाही. ती बचाव करायला लागते, आपला नवरा कसा वेगळा आहे ते सांगायला लागते. मग तुम्ही म्हणता, पाहा, भिन्नलिंगी बायका नवऱ्यांची वकिली करतात.

अमेरिकन कवयित्री एड्रियन रिचचा १९८० चा निबंध याच विषयावर आहे आणि तितकाच जहाल आहे. भिन्नलिंगी असणं ही प्रत्येक बाईची नैसर्गिक निवड आहे असं गृहीत धरू नका, असं ती म्हणते. लग्नाबाहेर बाईला जगणं अवघड करणारं अर्थकारण, हिंसा, बायकांमधल्या प्रेमाच्या इतिहासाची पुसून टाकलेली पानं, या सगळ्यांनी मिळून बायकांना पुरुषांकडे ढकललेलं आहे, तेव्हा त्याकडे एक राजकीय संस्था म्हणून बघा. रिच स्वतः लग्न केलेली, तीन मुलग्यांची आई. पुढचं आयुष्य तिनं एका स्त्रीसोबत काढलं. या निबंधाला नंतर जोडलेल्या टिपणात तिनं लिहिलं की तो बायकांमधली फूट वाढवण्यासाठी नव्हता. भिन्नलिंगी स्त्रीवाद्यांनी या संस्थेची तपासणी करावी आणि ती बदलावी, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे हे काम तिनं आम्हाला दिलेलं आहे. तुमच्या ठरावानं ते आमच्याकडून काढून घेतलं.

चौथी तक्रार थोडक्यात. शरीरसंबंधांबद्दल सगळ्यांसमोर कबुली द्यायला लावणं थांबवा. स्वतःहून बोलणं वेगळं आणि आळीपाळीनं उत्तर द्यायला लावणं वेगळं. अमेरिकन स्त्रीवादी लेखिका केट मिलेटचं ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ हे पुस्तक १९७० मध्ये गाजलं तेव्हा ती एका पुरुषाशी विवाहित होती. त्याच वर्षाच्या अखेरीस भर सभेत तिच्याकडून ती समलिंगी असल्याचं वदवून घेतलं गेलं. ती दबाव आणणारी मंडळी चळवळीतलीच होती. आणि मग ‘टाइम’ नियतकालिकानं तेच वाक्य घेऊन तिच्यावर आणि तिच्या विचारांवर अविश्वास पसरवला. बाईचं खासगी आयुष्य आपण तिच्याकडून ओढून काढलं की ते कुणाच्या हातात जाईल हे आपल्या ताब्यात राहत नाही.

आता तुमची बाजू. ती खोटी आहे असं मला वाटत नाही. ठराव वाचताना तुमच्यापैकी एकीचा आवाज का भरून आला होता, हे मला कळतं. अमेरिकेतल्या चळवळीत समलिंगी बायकांना ‘जांभळा धोका’ म्हटलं गेलं, ते बाहेरच्यांनी नव्हे, चळवळीच्या पुढारी बाईनं. १ मे १९७० रोजी न्यूयॉर्कच्या परिषदेत त्याच नावाचे सदरे घालून बायका उभ्या राहिल्या आणि त्यांनी व्यासपीठ ताब्यात घेतलं, तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. भिन्नलिंगी बायकांनी समलिंगी मैत्रिणींचे श्रम घेतले, त्यांचा वेळ घेतला आणि नाव पुढे करायची वेळ आली की त्यांना मागे उभं केलं. आपल्या गटातही बैठकांमागून बैठका कुणाच्या तरी नवऱ्याच्या गोष्टींत गेल्या आहेत. पुरुषांशिवाय उभ्या केलेल्या आयुष्याबद्दल समलिंगी मैत्रिणींना बोलायचं असतं तेव्हा वेळ संपलेला असतो. हे थांबायला हवं आणि ते थांबवणं आमचं काम आहे. आमची समजूत काढणं, आमच्या नवऱ्यांना चांगलं म्हणणं, आम्ही दुखावू नये म्हणून टीका मवाळ करणं, यातलं काहीही मी तुमच्याकडे मागत नाही. टीका आहे तशीच हवी. गट फक्त बायकांचा आहे तो तसाच राहावा, त्यात पुरुषांना बोलवा असंही माझं म्हणणं नाही.

ज्या तरुण मुली लग्न, मूल, प्रेमसंबंध आणि शरीरसंबंध, चारही गोष्टींना पुरुषांच्या बाबतीत नकार देतात, जसा दक्षिण कोरियातल्या ‘फोर बी’ चळवळीतल्या मुलींनी दिला, त्यांच्याकडे मी कौतुकानं पाहते. त्यांचा नकार खराखुरा आहे आणि त्याची किंमत त्या मोजतात. त्या नकारानं माझ्यासारखीलाही बळ मिळतं, कारण ‘नाही’ म्हणता येतं हे दिसतं. पण ज्या आधीच आत आहेत त्यांनी कुठून सुरुवात करायची, याचं उत्तर त्या नकारात नाही.

ते उत्तर चळवळीच्या आरंभीच्या कामात आहे. जाणीवजागृतीचे गट ही कल्पना जहाल स्त्रीवाद्यांनीच रुजवली, आणि त्या गटांत बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी पुरुषांसोबत राहत होत्या. एक प्रश्न घ्यायचा, प्रत्येकीनं आपल्या आयुष्यातून उत्तर द्यायचं, कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही, शेवटी सगळ्या उत्तरांत समान काय आहे ते शोधायचं. साधी रीत आहे, पण तिच्यातून काय निघालं ते पाहा. पॅट मायनार्डीनं घरकामाच्या राजकारणावर १९७० मध्ये लिहिलं ते तिच्या स्वतःच्या संसारातून. काम वाटून घ्यायला नवरा तत्त्वतः तयार, आणि प्रत्यक्षात टाळण्याच्या त्याच्या साऱ्या युक्त्या तिनं एकेक करून उलगडल्या: मला येत नाही, तू दाखव, तुझ्याकडून ते जास्त चांगलं होतं, माझी स्वच्छतेची अपेक्षाच तुझ्याइतकी नाही. इतक्या वर्षांनी वाचतानाही मी थांबून थांबून वाचलं, कारण ती वाक्यं माझ्या घरातली होती. ॲन कोट हिनं बाईच्या शरीरसुखाबद्दल लिहिलं ते पुरुष-स्त्री संबंधांबद्दलच होतं. बाईचं सुख कुठे असतं हे शरीरशास्त्राला ठाऊक असूनही पुरुषाच्या सोयीचं तेवढंच खरं कसं मानलं गेलं, हे तिनं दाखवलं. अमेरिकन लेखिका अँड्रिया ड्वॉर्किनच्या लेखनातली धार ज्यातून आली त्यात तिच्या तरुणपणीचं मारहाणीचं लग्नही होतं. तुमच्या कपाटातली ही सगळी पुस्तकं ज्या ज्ञानावर उभी आहेत ते घराच्या आतून आलेलं आहे.

कायद्याचंही तेच. लग्नात नवऱ्याकडून बलात्कार होऊच शकत नाही, बाईनं लग्नाच्या वेळीच कायमची संमती दिलेली असते, असं इंग्रजी कायदा अठराव्या शतकापासून धरून चालला होता. न्यूयॉर्कच्या जहाल स्त्रीवाद्यांनी जानेवारी १९७१ मध्ये बलात्कारावर जाहीर सभा घेतली, बायका उठून आपबीती सांगू लागल्या आणि जे लाजेचं मानलं जात होतं ते राजकीय साक्ष बनलं. पुढे नेब्रास्का राज्यानं १९७६ मध्ये नवऱ्यांची ही सूट काढून टाकली. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत विवाहांतर्गत बलात्कार कुठल्या ना कुठल्या स्वरूपात गुन्हा ठरायला १९९३ उजाडलं. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, १९९१ मध्ये ती सूट संपवली. काही देशांत ती आजही शाबूत आहे. त्या देशांतल्या लढाईत साक्ष कोण देणार? लग्नात राहिलेली, राहणारी बाईच देणार. तिला परिचय-वर्गात बसवून ठेवून हे काम होणार नाही.

मी स्वतः कशी सुरुवात केली ते सांगते, कारण नव्यानं येणाऱ्या बायका हे वाचत असतील. नवऱ्याला पटवून देणं मी पहिल्या कामांच्या यादीतून काढून टाकलं. आधी मला माझं दिसायला हवं होतं. दिवसभरात मी कुठे आवाज खाली घेते, कुठे हसते, कुठे माफी मागते आणि कुणासाठी, याची वही ठेवली. नकार देताना कारण देणं बंद केलं, आणि त्यानंतर येणाऱ्या गप्पपणात काही न बोलता, काही न सावरता राहायला शिकले. हे सगळ्यात अवघड गेलं. संसारात मागे पडलेल्या मैत्रिणींना पुन्हा आयुष्याच्या मध्यभागी आणलं, उरल्यासुरल्या वेळात नाही. मुलाला वाढवताना त्याच्या हातून काम सुटलं की ते उचलायला मी धावत नाही. यातल्या काही गोष्टींनी घरात भांडणं झाली, काहींनी फरक पडला. नवरा बदलला का, असं मला विचारलं जातं. थोडा बदलला, पण तो बदल मी एकटीनं ढकलून आणलेला आहे, आणि मी ढकलणं थांबवलं की तोही थांबतो. म्हणून तर मला गट हवा आहे. एकेकट्या बाईनं एकेकट्या पुरुषाशी रोज वाटाघाट करायची, हीच पुरुषसत्तेची सोय आहे.

त्यामुळे माझ्या मागण्या अशा आहेत.

ठराव मागे घ्या. निदान त्यावर सगळ्या सभासदांचं मतदान घ्या, आणि ज्यांना बाहेर काढायचं ठरवलंय त्यांनाही मत द्या.

‘सोडत का नाहीस’ हा प्रश्न गटात कुणालाही विचारला जाणार नाही, असं लेखी ठरवा. त्याऐवजी सुरक्षितता, कायदा, निवारा आणि पैसा यांबद्दल कुणाकडे काय माहिती आहे, कुणाकडे रात्री-अपरात्री जाता येईल, याची यादी करा. जिला सोडायचं असेल तिला ती हाताशी मिळावी, जिला सोडायचं नसेल तिला कुणी टोचू नये.

१९७९ चा निबंध पहिल्या महिन्यात नको. पुढे जेव्हा वाचू तेव्हा त्याला आलेली उत्तरं आणि रिचचा निबंध सोबत वाचू. घरकाम, शरीर आणि मैत्री यांवरचं लेखन आधी घेऊ.

खासगी आयुष्याबद्दल सक्तीचे प्रश्न बंद करा, सगळ्यांसाठीच.

समलिंगी मैत्रिणींना त्यांची स्वतंत्र बैठक हवी असेल तर ती द्या, आणि तिथे काय बोललं गेलं हे आम्हाला सांगण्याचं बंधन त्यांच्यावर नको. मुख्य बैठकीत आमच्या जोडीदारांवरच्या बोलण्याला वेळेची मर्यादा घाला. मी ती पाळीन.

बैठकीची वेळ आणि मुलांची सोय हा किरकोळ विषय म्हणून शेवटी ढकलू नका. लहान मुलं असलेल्या बायका निम्म्या बैठकीतून उठून जातात, आणि मग त्यांची निष्ठा कमी आहे असं म्हटलं जातं. ज्यांच्या घरी पुरुष आहेत त्या पुरुषांनी त्या वेळेत आपल्या आणि एकट्या आयांच्याही मुलांना सांभाळावं, ही मागणी गटाच्या नावानं त्यांच्यापुढे ठेवू.

आणि ही शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण सगळ्यांनी मिळून पुरुषांसाठी एक मागणीपत्र तयार करावं. घरातलं काम, मुलांची जबाबदारी, पैशाचे निर्णय, शरीरसंबंधातला नकार, बाईचा मोकळा वेळ, या प्रत्येकाबद्दल स्पष्ट वाक्यांत. ते प्रत्येकीनं आपल्या घरी ठेवावं, जिला धोका आहे तिनं ठेवू नये. पुढच्या बैठकीत कोणत्या घरात काय उत्तर आलं ते सांगावं. मग घरातल्या पुरुषाला एका बायकोची कुरकुर ऐकू येणार नाही, गटाची मागणी ऐकू येईल. पुरुषांसोबत न राहणाऱ्या मैत्रिणींचा या मसुद्यात मोठा वाटा असावा असं मला वाटतं, कारण आम्हाला सवयीनं न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसतात. पहिला खर्डा मी लिहून आणते.

पुढची बैठक जाहीर झालेली आहे. परिचय-वर्ग बाजूच्या खोलीत असेल, असं सूचनेत लिहिलं आहे. मी येणार आहे आणि मुख्य गटाच्या खोलीत बसणार आहे. माझ्यासोबत आणखी काही जणी असतील. ठराव अमलात आणायचा असेल तर आम्हाला उठायला तोंडानं सांगावं लागेल, आणि त्याआधी आमचं म्हणणं ऐकावं लागेल.

तुमची,
गटातली एक विवाहित सभासद